सटाण्याची सोयरीक

घर भाड्याने द्यायचं झालं की मालक भाडेकरूला बोलावून घेतो आणि चार प्रश्न विचारतो. आमच्या मालकांचं सगळं उलटं. फोनवर म्हणाले, "खोली नंतर बघा. आधी तुम्ही आत्ता राहता तिथे मी चहाला येतो."

मी तेव्हा परदेशात द्राक्षं पाठवणाऱ्या एका कंपनीत माल तपासायच्या कामाला होते आणि नाशिकच्या कॉलेज रोडला एका बाईंकडे पेइंग गेस्ट म्हणून राहत होते. त्या बाईंकडे मुलींना गॅसला हात लावायची बंदी होती. मग शेजारच्या मुलीची विजेची किटली उसनी आणली, पलंगावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एका परक्या म्हाताऱ्या गृहस्थांना चहा पाजला. त्यांना मधुमेह, म्हणून बिनसाखरेचा. त्यांनी खिशातून स्वतःचा चमचा काढला आणि तो चहा बराच वेळ ढवळला.

"साखर नाहीये हो त्यात," मी म्हटलं.

"माहीत आहे. सवय आहे," असं म्हणून ते ढवळतच राहिले.

कप खाली ठेवल्यावर म्हणाले, "ठीक. खोली तुमची. ओट्यावर तुमचं खातंही उघडून टाकतो." खोलीचं मला कळलं. ओट्याचं काय ते कळलं नाही, पण खोली हातची जायला नको म्हणून मी मान डोलावली.

हे मालक, म्हणजे काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. इंदिरानगरच्या मागे रो-हाउसची एक कॉलनी, त्यातलं कोपऱ्यावरचं घर त्यांचं. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी वायरमनचा टेस्टर आणि तो चमचा. आयुष्यभर दुसऱ्यांचे फोन जोडून देणारा हा माणूस स्वतःचा फोन वाजला की त्याच्याकडे बघत बसायचा. "वाजू दे. काम असेल तर येईल घरी," म्हणायचा. माझा फोन त्यांनी उचलला होता तो चुकून, हे मला काकूंनी नंतर सांगितलं.

ओटा म्हणजे त्यांनी घरीच उभं केलेलं कॉलनीचं सोशल नेटवर्क. खरा ओटाही होता, दाराबाहेर, शहाबादी फरशीचा, संध्याकाळी चार माणसं टेकायची तिथे. पण कॉलनीत 'ओटा' म्हटलं की फोनमधला ओटा. त्याचं मशीन, म्हणजे एक छोटा कॉम्प्युटर, स्वयंपाकघरातल्या माळ्यावर, पापडाच्या डब्यांच्या मध्ये ठेवलेलं होतं. फोनमधून तिथे लिहायचं, वाचायचं, भांडायचं. कुठली कंपनी नाही, जाहिराती नाहीत, आणि काय आधी दाखवायचं ते ठरवणारं कुणी नाही. ज्याने आधी लिहिलं त्याचं आधी.

"लोक गप्पा मारायला दुसऱ्याच्या अंगणात जातात," ते सांगायचे. "अंगण त्याचं, दिवा त्याचा, कोण कुणाशी काय बोललं ते ऐकणारा गडीही त्याचा. उद्या त्याने फाटक लावलं तर तुम्ही रस्त्यावर. एवढं कशाला? आपल्या दारात ओटा नाही का?"

मी विचारलं, असा प्रत्येकाने आपापला ओटा बांधला तर इकडचा माणूस तिकडच्याशी बोलणार कसा? त्यावर ते खूश झाले. हा प्रश्न कुणी विचारला की त्यांना आपलं जुनं खातं आठवायचं. नाशिकचं एक्सचेंज नाशिकचं होतं आणि सटाण्याचं सटाण्याचं, म्हणून नाशिकचा माणूस सटाण्याशी बोलायचा थांबला का? तसंच हे. दोन मशीनं एकमेकांना ओळखायला लागली की इकडचं तिकडे दिसतं, तिकडचं इकडे. त्या जोडणीला इंग्रजीत एक लांबलचक शब्द आहे. तो त्यांना आवडायचा नाही. ते त्याला सोयरीक म्हणायचे. "घरं दोन, चुली दोन, पण येणं-जाणं आहे. मग दुसरा शब्द कशाला हुडकायचा?"

मशीनचा आणि मिक्सरचा प्लग एकच होता. काकू वाटण वाटायला लागल्या की अख्खा ओटा बंद पडायचा. कॉलनीत कुणी त्याची तक्रार करत नसे, समोरचे वकील आपली रोजची चारोळी टाकता टाकता अडकले की खिडकीतून ओरडायचे, "काकू, आज काय, मसाल्याची वांगी?" मी एकदा पंधरा मिनिटांत दुसरा प्लग बसवून देते म्हटलं, तर काका दुखावल्यासारखे झाले. "घरात स्वयंपाक चालू असताना गप्पा थोड्या थांबल्या तर काय बिघडलं?"

ओट्याचे नियम दोनच होते, आणि ते दाराशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहिलेले होते. काकू म्हणायच्या, घराला रंग द्या म्हणून वर्षभर मागे लागले, तर ह्यांनी दोन ओळींपुरता दिला.

पहिला नियम: चहा घेतल्याशिवाय खातं नाही. ज्याला ओट्यावर यायचंय त्याच्या घरी जाऊन काका चहा प्यायचे. समोरचे वकील आणि ते रोजच एकमेकांकडे चहा घेत, तरी खातं उघडायच्या वेळी काका रीतसर घंटी वाजवून गेले. वकील म्हणाले, "अहो, सकाळीच तर घेतलात माझ्याकडे." "तो शेजारी म्हणून. हा ओट्यासाठी," असं म्हणून ते खुर्चीवर बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भांडण झालं तर होऊ दे, पण भांडणाऱ्याचं दार माहीत पाहिजे. ज्याच्या हातचा चहा घेतलाय त्याला वाट्टेल ते लिहिताना बोट जरा अडतं.

दुसरा नियम: मशीन ज्याच्या घरात, त्याला मत नाही. कुणाला घ्यायचं, कुणाला समज द्यायची, काय ठेवायचं, काय काढायचं, ते कॉलनीने खऱ्या ओट्यावर जमून हात वर करून ठरवायचं. काका त्यात हात वर करायचे नाहीत. ठरेल ते मशीनमध्ये करून द्यायचे. "किल्ली माझ्याकडे आहे, तेवढं पुरे. किल्लीही माझी आणि मतही माझं म्हटलं की झालीच कंपनी."

कॉलनीच्या तोंडावर एका बाईंचं ब्लाउज शिवायचं, फॉल-पिकोचं दुकान होतं; त्यांना सगळे चाची म्हणायचे. त्यांचं ओट्यावरचं लिहिणं मला फार आवडायचं. विरामचिन्हं नाहीत, नमस्कार-चमत्कार नाहीत. 'आज हिरवा दोरा संपला हिरव्या साडीवाल्यांनी उद्या या.' 'अस्तर आणलं नाही तर बोलू नका.' 'वकील साहेब तुमची कविता बायको वाचत नाही मी विचारलं.' सकाळी कामावर निघताना मी आधी चाची काय म्हणतात ते बघायची आणि मग बस पकडायची.

काकांची एकुलती मुलगी सटाण्याला दिलेली होती. कांद्याचा व्यापार असलेलं मोठं घर. लग्नात काकांनी आंदण काय दिलं असेल? भांडीकुंडी काकूंनी दिली. काकांनी एक मशीन दिलं. रुखवतात विणलेल्या तोरणाच्या आणि साखरेच्या बंगल्याच्या मध्ये ते मांडलेलं होतं, वर हळदकुंकू लावलेलं. वऱ्हाडातल्या बायका म्हणे एकमेकींना विचारत होत्या, हे कोणत्या डाळीचं केलंय? व्याह्यांना मात्र ते पसंत पडलं. सटाण्यात त्यांनी बाजारातल्या माणसांसाठी त्यावर एक जागा उघडली आणि तिचं नाव ठेवलं 'खळं'. ओटा आणि खळं यांची सोयरीक लग्नाच्या आठवड्यातच झाली. कळवणकडे पाऊस पडतोय का, कुणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे, आज बाजारात गर्दी किती, हे आमच्या कॉलनीलाही दिसायला लागलं. मी नामपूरची. खळ्यावरची ती अहिराणी वाचली की मला घरी गेल्यासारखं वाटायचं.

त्या सोयरिकीत काकांनी आपला पहिला नियम मोडला होता, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. व्याह्यांच्या घरी ते चहा प्यालेच नव्हते. काकांच्या घरात रीत होती: लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी बापाने पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. भिंतीवर स्वतःचे नियम रंगवणारा हा माणूस ही रीत मात्र निमूट पाळायचा. सटाण्याला गेले की उंबऱ्यावरून बोलून यायचे, पाण्याची बाटली बरोबर घेऊन. ताईच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्या बाटलीकडे बघून ताईला काय वाटत असेल, ते काकू एकदाच माझ्याजवळ बोलल्या आणि लगेच कुकर लावायला उठल्या.

मग ती गोष्ट झाली. सटाण्याचा एक व्यापारी लग्नाच्या खरेदीला नाशिकला आला होता आणि गाडी त्याने चाचींच्या दुकानाच्या पायरीला खेटून लावली. चाचींनी ती काढायला सांगितली, आणि चाचींची सांगायची पद्धत काही मधाळ नव्हती. त्याने गाडी काढली, दुकानाचा फोटोही काढला. संध्याकाळी तो फोटो खळ्यावर. खाली लिहिलेलं: या बाईकडे कुणी शिवायला टाकू नका, ही माणसं कोण, कुठली, कॉलनीत कशी आली, जरा चौकशी करा. त्याखाली खळ्यावरच्या बऱ्याच जणांनी भर घातली. ती मी इथे लिहीत नाही. सोयरीक असल्यामुळे ते सगळं जसंच्या तसं आमच्या ओट्यावर आलं, आणि चाचींनी ते स्वतःच्या फोनवर वाचलं.

चाची गप्प झाल्या. दोऱ्याचं नाही, अस्तराचं नाही, काहीच नाही. काका चमचा घेऊन त्यांच्याकडे गेले, मलाही घेऊन गेले. चाचींनी चहा केला, पण नेहमीसारख्या बसल्या नाहीत. शिलाई मशीनवर हात ठेवून उभ्याच राहिल्या.

"भाऊ, माझं नाव काढून टाका तिथून. माझ्यापायी तुमच्या लेकीच्या सासरी वाद नको. मला काय, फोन नसला तरी लोक ब्लाउज घालतीलच ना."

"नाव काढायचं की नाही हे मी नाही ठरवत," काका म्हणाले. त्यांनी व्याह्यांना निरोप धाडला, ते काढा आणि त्या माणसाला समज द्या. व्याह्यांचं उत्तर आलं की तो बाजारातला वजनदार माणूस आहे, त्याला काही बोलता येणार नाही. आता दोनच वाटा उरल्या. एक तर चाची जाणार, नाही तर खळ्याशी जोडणी तोडायची. आणि खळं म्हणजे लेकीचं सासर. काका रात्रभर काय विचार करत होते कोण जाणे. सकाळी त्यांनी ओट्यावर सूचना लावली:

'रविवारी संध्याकाळी बैठक. विषय: सटाण्याशी सोयरीक मोडणे. चहा मिळेल.'

सोयरीक अजून मोडलेली नव्हती. त्यामुळे ही सूचना सटाण्यातही दिसली. आणि ती सगळ्यात आधी वाचली विहीणबाईंनी.

त्यांनी काकांना फोनावर फोन लावले. काका फोनकडे बघत बसले. मग ताईने काकूंना लावला. "आई, बाबांनी हे काय लिहिलंय?" काकू ओटा कधी वाचतच नसत. त्या म्हणाल्या, "त्यांच्या मनात काय असतं ते मला कधी कळलंय? तूच येऊन विचार." झालं. सटाण्याला खात्रीच पटली.

रविवारी ओट्यासमोर खुर्च्या मांडलेल्या, कॉलनी जमलेली. चाची येत नव्हत्या, त्यांना काकूंनी हाताला धरून आणलं होतं. बैठक सुरू होणार तेवढ्यात एक पिकअप गाडी येऊन थांबली, मागे कांद्याची सालं उडताहेत. आतून पांढरी टोपी घातलेले व्याही उतरले, मग विहीणबाई, मग ताई.

"याही!" व्याही रस्त्यावरूनच ओरडले. "आमनं काय चुकनं ते तोंडवर सांगा ना! पाटी लाईसन सोयरीक मोडतस?"

"आणि बाबा," ताई म्हणाली, "माझं लग्न मोडायची बैठक, आणि खाली लिहिताय चहा मिळेल?"

काकांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. त्यांना काही समजेचना. आधी वकिलांना कळलं. ते हसले, मग मी, मग एकेक करत सगळी कॉलनी. चाचीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. काकांनी जोडणीचं सगळं समजावून सांगितल्यावर विहीणबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पाणी मागितलं. व्याह्यांनी टोपी काढून घाम पुसला. ते हसत होते आणि डोळेही पुसत होते.

पण मग खरा विषय निघाला, आणि हसू गेलं.

"मशीन मना घरमां शे, पन तोंड लोकेसनं शे," ते म्हणाले. "मी कोनं कोनं तोंड धरू?"

मशीन माझ्या घरात असलं तरी तोंडं लोकांची आहेत, मी कुणाकुणाचं धरू, असं ते म्हणत होते. मी कॉलनीला सांगितलं. माणूस वाईट नव्हता. आपल्या बाजाराला भिऊन होता, एवढंच.

"तोंड धरू नका," काका म्हणाले. "त्याला इथे आणा. ह्या चाचींच्या हातचा चहा घ्यायला लावा आणि मग हेच त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. वाचलं त्याने, तर मी काही बोलणार नाही."

व्याह्यांनी नकारार्थी मान हलवली. चाची उठल्या. "भाऊ, पाहुण्यांसमोर कशाला? मी काढते ना माझं नाव."

"बसा," काका म्हणाले. "ते तुम्हीही ठरवायचं नाही. हात वर करा, ज्यांना जोडणी तोडायची त्यांनी."

कुणाचाच हात वर जाईना. लेकीचे सासू-सासरे समोर बसलेले, त्यांच्या हातात आपलाच चहा. कोण पुढे होणार? मी काकांकडे बघितलं. त्यांना मत नव्हतं. खिशातला टेस्टर काढून ते उगाच त्याचं टोक पुसत होते. मला त्या क्षणी त्यांच्या त्या दुसऱ्या नियमाचा भयंकर राग आला. जे व्हायचं ते ह्यांच्या लेकीच्या संसारात होणार, आणि हात वर करायची मुभा ह्यांना सोडून सगळ्यांना.

"बाबा, माझं खातं अजून आहे ना ओट्यावर?" ताईने विचारलं.

"आहे."

"मग मत आहे?"

"खातं आहे म्हणजे मत आहे."

ताईने सासूकडे एकदा बघितलं आणि हात वर केला. तोडायच्या बाजूने. त्यानंतर मग माझा, वकिलांचा, सगळ्यांचा गेला. चाचींनी तेवढा केला नाही. त्या रडत होत्या.

काका आत गेले. थोड्या वेळाने ते दारात आले आणि म्हणाले, "मोडली." मग व्याह्यांपुढे हात जोडून म्हणाले, "ती मोडली. ही नाही. आता जेवून जा."

व्याही जेवले नाहीत. ताई त्यांच्याबरोबर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चाचींनी लिहिलं, 'हिरवा दोरा आला.' कॉलनी खूश झाली. त्या दिवाळीला ताई माहेरी आली नाही.

काका चहा ढवळायचे तो पार निवेपर्यंत, आणि मग तसाच ठेवून उठायचे. मला एकदाच म्हणाले, "चूक माझीच. सगळ्या गावाला चहाचा नियम लावला आणि एकाच घरी न पिता सोयरीक केली. तिथूनच फाटलं."

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस त्यांनी मला खाली हाक मारली. पडद्यावर सोयरिकीची एक मागणी आलेली होती. नवी जागा, नाव 'मागचं दार'. सटाण्यातल्या काही बायकांनी मिळून उभी केलेली, आणि मशीन ताईच्या खोलीत. खाली लिहिलेलं: 'नियम तुमचेच घेतलेत, दोन्ही. त्यामुळे इथे मला मत नाही. सोयरीक कराल का?'

"करा की," मी म्हटलं. "बटण दाबायचं तर आहे."

"असं कसं?" काका म्हणाले. त्यांनी खिशातला चमचा काढला, धुतला, पुसला आणि परत ठेवला. "चहाचं काय?"

काकू स्वयंपाकाच्या ओट्याजवळ उभ्या होत्या, हातातलं मिक्सरचं भांडं तसंच. त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मूल अजूनही नव्हतं. तेव्हा मला कळलं की ताईने सोयरीक मागितली होती ती मशीनची नव्हेच. मी उगाच पडद्यावरची धूळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नव्या सीबीएस बसस्टँडवरून सटाण्याच्या गाडीत बसले. काकूंनी सवयीने पाण्याची बाटली भरून दिली होती, ती ते टेबलावर विसरून गेले. विसरले की ठेवून गेले, ते मी विचारलं नाही.

मुक्काम करून परत आले तेव्हा मी दारातच गाठलं. "झाला चहा?"

"झाला."

"ताई?"

"समोर बसून बघत होती. रडली, वेडी." ते चपला काढत होते. "चहा विहीणबाईंनी केला. चांगली दोन चमचे साखर घालून."

"अहो, मग सांगायचं नाही का, मधुमेह आहे म्हणून!"

"त्यांना कसं ठाऊक असणार? मी त्या घरी कधी घेतलाच नव्हता." खिशातला चमचा काढून त्यांनी तो क्षणभर निरखला. "नेहमीसारखा ढवळला. या वेळी त्यात ढवळायला काहीतरी होतं."

मग स्वयंपाकघराकडे वळून ते म्हणाले, "अगं, मिक्सर थांबव जरा. सोयरीक करायचीय."